विश्लेषण : भारतात बनलेले ट्रेकिंगचे साहित्य महाग का पडते?

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात रेनजॅकेट, सॅक, बूट, तंबू यांची खरेदी वाढते. सह्याद्रीत नव्याने भटकू लागलेल्या अनेकांना तेव्हा एक कोडे पडते. लहान भारतीय कंपनीने देशातच शिवलेले, पाऊस अडवणारे आणि घाम बाहेर जाऊ देणारे जॅकेट हातात घेतले, तर त्याच दर्जाचे परदेशातून आलेले जॅकेट शेजारीच कमी किमतीत टांगलेले दिसते. तंबूंबाबतही हाच अनुभव येतो.

भारत जगाला कपडे शिवून पाठवतो. इथली मजुरी चीनपेक्षा कमी आहे. जहाजाचे भाडे लागत नाही. मग देशी माल स्वस्त असायला हवा. तो महाग का पडतो, याचे उत्तर शिलाई मशीनवर सापडत नाही. ते मशीनपर्यंत पोहोचणाऱ्या कापडात, त्या कापडावरील करात आणि एका वेळी किती नग शिवले जातात या आकड्यात आहे.

सगळेच देशी साहित्य महाग असते का?

नाही. इथूनच गल्लत सुरू होते. सुती टोपी, साधा पोंचो, प्लास्टिकचे आवरण, फ्लीसचा अंगरखा, साधी सॅक या वस्तू भारतात भरपूर बनतात आणि स्वस्तही मिळतात. फरक पडतो तो तांत्रिक साहित्यात. वजनाला हलका पण मजबूत तंबू, पाणी न झिरपणारे जॅकेट, उणे तापमानासाठीची स्लीपिंग बॅग, गिर्यारोहणाचा दोर आणि हार्नेस अशा वस्तूंचा त्यात समावेश होतो. या वस्तूंची किंमत मुख्यतः कच्चा माल, प्रक्रिया आणि चाचणी यांवर ठरते. मजुरीचा वाटा त्यात तुलनेने लहान असतो. त्यामुळे स्वस्त मजुरीचा भारताचा फायदा इथे फारसा कामी येत नाही.

एका रेनजॅकेटमध्ये काय काय असते?

चांगले रेनजॅकेट लांबून साधे दिसते. प्रत्यक्षात त्याचे कापड दोन किंवा तीन थरांचे असते. बाहेरचा थर नायलॉन किंवा पॉलिस्टरचा असतो. त्याच्या आत पाण्याचा थेंब अडवणारे पण वाफ बाहेर सोडणारे पातळ पटल चिकटवलेले असते किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. अमेरिकेतील गोर कंपनीचे ‘गोर-टेक्स’ हे अशा पटलाचे सर्वांत परिचित नाव. ते १९७०च्या दशकात बाजारात आले आणि तेव्हापासून हा उद्योगच बदलला.

पण कापड पाणी अडवत असले तरी शिलाईची भोके उरतातच. सुई जिथून जाते तिथून पाणी आत येते. म्हणून प्रत्येक शिवणीवर आतल्या बाजूने विशेष पट्टी गरम हवेच्या यंत्राने चिकटवावी लागते. साखळीही पाणी रोखणारी हवी. टोपीची दोरी, मनगटावरचा पट्टा, बकल हे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात.

तंबूचेही तसेच. त्याचे कापड ‘रिपस्टॉप’ विणीचे असते. ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणल्यामुळे फाटलेला भाग पुढे फाटत जात नाही. धाग्याची जाडी ‘डेनियर’ या मापात मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. पाठीवर वाहायच्या हलक्या तंबूंत २० डेनियरच्या आसपासचे कापडही वापरले जाते. इतका बारीक धागा न तुटता विणणे, त्यावर दोन्ही बाजूंनी समान लेप देणे आणि गुंडाळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दर्जा सारखा राखणे हे अवघड काम आहे. तंबूचे दर्जेदार ॲल्युमिनियमचे दांडे बनवणाऱ्या कंपन्याही जगात मोजक्याच आहेत. दक्षिण कोरियातील ‘डीएसी’ हे त्यांतले ठळक नाव.

असे कापड भारतात का मिळत नाही?

भारताचा कापडउद्योग परंपरेने कापसावर उभा आहे. जगात आज तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिस्टरचा आहे. भारतात मात्र कापसाचे वर्चस्व टिकून राहिले. पॉलिस्टर इथे बनत नाही असे नाही. या क्षेत्रात भारत जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे आणि सुरतची अख्खी बाजारपेठ त्यावर चालते. पण ते पॉलिस्टर साडी, ड्रेस मटेरियल, पडदे आणि शर्टिंगकडे जाते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले यंत्रमागही प्रामुख्याने साध्या कापडासाठी आहेत.

तांत्रिक कापडासाठी आधुनिक माग, लेप देण्याची आणि पटल चिकटवण्याची स्वतंत्र यंत्रणा लागते. त्यासाठी मोठी गुंतवणूक करावी लागते. ती करायची तर खात्रीचा ग्राहक हवा. देशातील ट्रेकिंग साहित्याची बाजारपेठ लहान असल्याने गिरणी गुंतवणूक करत नाही. गिरणी गुंतवणूक करत नसल्याने उत्पादक कापड चीन, तैवान किंवा कोरियातून आणतो. कापड बाहेरून आल्याने वस्तू महाग होते आणि बाजारपेठ लहानच राहते. असे हे दुष्टचक्र आहे.

चीनमध्ये नेमके उलटे घडले. झेजियांग, फुजियान यांसारख्या प्रांतांत धागा, कापड, लेप, साखळी, बकल, दांडे आणि शिलाई हे सारे कारखाने एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर उभे राहिले. एखादा रंग चुकला किंवा एखादे बकल कमी पडले तर दुसऱ्या दिवशी नवे मिळते. पुण्यातील किंवा बेंगळुरूतील लहान उत्पादकाला त्याच चुकीसाठी काही आठवडे थांबावे लागते.

तयार जॅकेटला सूट आणि कापडाला कर, हे कसे?

या प्रश्नाचा हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. केंद्र सरकारने २०१८ मध्ये शेकडो कापड-वस्तूंवरील आयात शुल्क वाढवून २० टक्क्यांपर्यंत नेले. देशी गिरण्यांना संरक्षण देणे हा त्यामागचा हेतू होता. कृत्रिम धाग्याच्या बहुतेक कापडांवर सुमारे एवढे मूळ सीमाशुल्क आहे. विणमालाच्या, म्हणजे निटेड कापडाच्या काही प्रकारांवर २०२५च्या अर्थसंकल्पाने ‘२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते’ असा दर लावला.

दुसरीकडे, शेजारी आणि आग्नेय आशियाई देशांशी भारताचे व्यापार करार आहेत. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशच्या तयार कपड्यांना भारताने २०११ पासून जवळजवळ संपूर्ण शुल्कमुक्त प्रवेश दिला. व्हिएतनामसह आसियान देशांशी झालेला वस्तू व्यापार करार २०१० पासून लागू आहे. त्याखाली अनेक वस्तू शून्य किंवा सवलतीच्या शुल्काने येतात.

याचा परिणाम एका उदाहरणातून पाहू. समजा, एका जॅकेटला लागणारे चिनी कापड १,००० रुपयांचे आहे. बांगलादेशातील निर्यातदार कारखाना ते शुल्क न भरता आणतो, जॅकेट शिवतो आणि उगमाच्या अटी पूर्ण करून भारतात शुल्कमुक्त पाठवतो. भारतातील उत्पादक तेच कापड आणतो तेव्हा २०० रुपये सीमाशुल्क भरतो. म्हणजे शिलाईचा पहिला टाका घालण्याआधीच तो २०० रुपयांनी मागे पडलेला असतो.

हे २०० रुपये तिथेच थांबत नाहीत. घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा टक्केवारीत ठरतो. उत्पादन खर्चाच्या दुप्पट किमतीला वस्तू दुकानात विकली जात असेल, तर २०० रुपयांचे ४०० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ग्राहकाच्या खिशातून ४७२ रुपये जातात. जीएसटीचा परतावा साखळीत पुढे मिळत जातो, पण मूळ सीमाशुल्काचा मिळत नाही. साखळीच्या सुरुवातीला लागलेला कर शेवटपर्यंत फुगत जातो तो असा.

यातील आणखी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय कारखान्याने तेच कापड आणून जॅकेट निर्यात केले, तर ‘ॲडव्हान्स ऑथरायझेशन’ योजनेखाली त्याला कापडावर शुल्क भरावे लागत नाही. त्यामुळे त्याच छताखाली, त्याच कामगारांनी शिवलेले जॅकेट परदेशी ग्राहकासाठी कमी खर्चात आणि भारतीय ग्राहकासाठी जास्त खर्चात तयार होते.

मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरील सीमेवरून प्रवेश बंद केला. आता ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून येऊ शकतात. त्यामुळे त्या मालाचा वाहतुकीचा वेळ आणि खर्च वाढला. पण भारतीय उत्पादकाच्या कापडावरील शुल्क त्याने कमी झाले नाही. स्पर्धकाची वाट अडवल्याने आपली वाट सोपी होतेच असे नाही.

गुणवत्ता आदेशांनी काय केले?

सीमाशुल्काखेरीज आणखी एक भिंत होती. ती म्हणजे गुणवत्ता नियंत्रण आदेश. केंद्राने २०२३ पासून पॉलिस्टर तंतू आणि धाग्यांवर टप्प्याटप्प्याने हे आदेश लागू केले. त्यांनुसार परदेशी कारखान्याला भारतीय मानक ब्युरोचा परवाना असेल तरच त्याचा माल भारतात येऊ शकत होता. परवान्यासाठी ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी त्या कारखान्याची तपासणी करणे आवश्यक होते. वर्षाला थोडासाच विशेष धागा भारताला विकणाऱ्या कोरियन किंवा तैवानी कंपनीला हा खटाटोप परवडणारा नव्हता.

निकृष्ट माल रोखणे हा आदेशांचा घोषित उद्देश होता. प्रत्यक्षात विशेष दर्जाचा धागाही अडकला आणि धाग्यासाठी मोजक्या देशी पुरवठादारांवर अवलंबून राहावे लागते, अशी लहान विणकर आणि उत्पादकांची तक्रार होती. विरोधाभास असा की धाग्यावर बंधन होते, पण त्याच धाग्यापासून परदेशात बनलेला तयार कपडा सहज येऊ शकत होता. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिस्टर तंतू, धागे आणि त्यांच्या कच्च्या रसायनांसह १४ वस्तूंवरील आदेश मागे घेतले. त्याचा फायदा धाग्यापासून कापडापर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कापडावरील सीमाशुल्काचा प्रश्न मात्र तसाच आहे.

कमी नग बनवण्याची किंमत किती?

कराइतकाच मोठा घटक म्हणजे उत्पादनाची संख्या. नवे जॅकेट बाजारात आणायचे तर आराखडा, वेगवेगळ्या मापांचे नमुने, चाचण्या, दुरुस्त्या असा खर्च आधीच होतो. समजा तो ५ लाख रुपये आहे. ५०० जॅकेट शिवली तर प्रत्येकावर १,००० रुपयांचा बोजा पडतो. ५०,००० शिवली तर प्रत्येकावर फक्त १० रुपये.

कापड गिरण्याही एका रंगाची किमान मागणी सहसा हजार मीटरच्या पुढे सांगतात. त्यापेक्षा कमी हवे असेल तर दर वाढतो किंवा दुसऱ्याच्या मागणीतून उरलेल्या रंगावर भागवावे लागते. तीन रंग आणि पाच मापे ठेवायची म्हटली की पंधरा प्रकारांचा साठा होतो. त्यातला कोणता खपेल हे आधी सांगता येत नाही.

भारतातील मागणीचा हंगामही आखूड आहे. सह्याद्रीत रेनजॅकेटची विक्री मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात होते. हिमालयातील ट्रेकसाठीची खरेदी एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास वाढते. उत्पादकाला कापडाची मागणी हिवाळ्यातच नोंदवावी लागते. पैसे गुंततात जानेवारीत आणि सुटतात सप्टेंबरमध्ये. मधल्या काळाचे व्याज किमतीत मिळवावेच लागते. पाऊस उशिरा आला किंवा प्रशासनाने धबधब्यांवर आणि गडांवर जाण्यास बंदी घातली, तर माल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो. जगभर विकणाऱ्या कंपनीला ही अडचण कमी जाणवते. भारतातला हंगाम संपला तरी दुसऱ्या गोलार्धातला सुरू झालेला असतो.

म्हणूनच अनेक भारतीय ब्रँड तंबूसारख्या वस्तू स्वतः बनवत नाहीत. चिनी कारखान्याच्या तयार नमुन्यांतून एक निवडतात आणि त्यावर आपले नाव छापून घेतात. ब्रँड देशी असतो, वस्तू नसते.

मग काही भारतीय वस्तू स्वस्त आणि चांगल्या कशा?

याचे उत्तर सह्याद्रीतील ट्रेकरच्या पायात आहे. ‘ॲक्शन’ कंपनीचे ट्रेकिंगचे बूट महाराष्ट्रातील भटक्यांच्या पिढ्यांनी वापरले. ओल्या कातळावरची त्यांची पकड आणि खिशाला परवडणारी किंमत या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जातात. दिल्ली आणि बहादूरगडच्या परिसरात पादत्राणांचा मोठा उद्योग आहे. तळव्याचे रबर, साचे, गोंद, अस्तर आणि कारागीर तिथे एकाच पट्ट्यात मिळतात. शाळकरी बुटांपासून कामगारांच्या बुटांपर्यंत लाखो जोड तिथे बनतात. ट्रेकिंगचा बूट त्याच यंत्रणेवर तयार होतो. त्याला स्वतंत्र साखळी उभारावी लागत नाही. आयात पादत्राणांवरील मूळ शुल्क २०२० मध्ये २५ वरून ३५ टक्के झाले, त्याचेही संरक्षण मिळाले. पण संरक्षण उपयोगी पडले ते साखळी आधीपासून देशात होती म्हणून.

दुसरे उदाहरण फ्रेंच कंपनी ‘डेकॅथलॉन’चे. तिच्या दुकानांतील अनेक वस्तूंवर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेले असते आणि त्या स्वस्तही असतात. एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांहून अधिक परकीय गुंतवणूक असेल, तर ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट असते. पण या कंपनीची भारतातून खरेदी त्या अटीपुरती नाही. भारतातून घेतल्या जाणाऱ्या मालाचे मूल्य २०३० पर्यंत ३ अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट तिने २०२५ मध्ये जाहीर केले. तिचा एक नमुना अनेक देशांत विकला जातो. त्यामुळे भारतीय कारखान्याला मिळणारी मागणी लहान देशी ब्रँडच्या कित्येक पट असते. भारतात बनवणे मुळात महाग नाही, भारतात थोडेसे बनवणे महाग आहे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

दोर आणि हार्नेसचे गणित वेगळे का?

प्रस्तरारोहणाचे साहित्य जिवाशी थेट जोडलेले असते. तिथे किमतीत चाचणीचा खर्च मोठा असतो. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे ‘यूआयएए’ किंवा युरोपीय ‘सीई’ चिन्ह मिळवायचे तर नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात. एकेरी वापराच्या गतिक दोराला ८० किलो वजनाच्या किमान पाच प्रमाणित पतनांचा झटका न तुटता सोसावा लागतो. कॅराबिनर, हेल्मेट, हार्नेस यांचे निकष वेगळे. उत्पादन सुरू झाल्यावरही दर्जाची तपासणी चालूच ठेवावी लागते.

भारतात आरोहण करणाऱ्यांची संख्या पाहता हा खर्च भरून निघणे अवघड असते. म्हणून या वस्तू बहुतांशी फ्रान्स, इटली, अमेरिका अशा देशांतील कंपन्यांकडून येतात आणि शुल्कासह महाग पडतात. दरीत उतरून अडकलेल्यांना वर काढणारी महाराष्ट्रातील बचाव पथके प्रामुख्याने स्वयंसेवकांची आहेत. दोराचे आयुष्य मर्यादित असते आणि तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो. तो खर्च त्यांना देणग्यांतून किंवा स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो. महागाईचा हा सर्वांत गंभीर परिणाम आहे. नवशिक्यांचे गट पैसे वाचवण्यासाठी चिन्ह नसलेले साहित्य किंवा बांधकामाचे दोर वापरतात, तेव्हा धोका थेट जिवावर येतो.

नव्या जीएसटी दरांनी फरक पडला का?

पडला, पण दोन्ही दिशांनी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतूवरील जीएसटी १८ वरून आणि धाग्यावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आधी धाग्यावर जास्त आणि कापडावर कमी कर होता. त्यामुळे विणकराचे पैसे परताव्यात अडकून पडत. ती अडचण दूर झाली. २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील करही ५ टक्के झाला.

तयार कपड्यांसाठी मात्र २,५०० रुपयांची रेषा आखली गेली. तिथपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. आधी १,००० रुपयांपुढील कपड्यांवर १२ टक्के कर होता. म्हणजे करापूर्वी २,४०० रुपये किंमत असलेले जॅकेट ग्राहकाला २,५२० रुपयांना पडते, तर २,६०० रुपयांचे जॅकेट ३,०६८ रुपयांना. मूळ किमतीत २०० रुपयांचा फरक, ग्राहकाला मोजावा लागतो ५४८ रुपयांचा. हाच दर आयात मालालाही लागू आहे. पण कापडावरील शुल्कामुळे देशी जॅकेटच रेषेच्या वर ढकलले जाण्याची शक्यता अधिक असते. वजन कमी करणे, चांगली साखळी लावणे, शिवणी नीट बंद करणे अशी प्रत्येक सुधारणा वस्तूला रेषेपलीकडे नेते. मग उत्पादकाला दर्जा आणि कर यांत निवड करावी लागते.

अमेरिकेतही देशी साहित्य महाग असते, ते का?

तिथे कारण बरेचसे मजुरीचे आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आयात होतात. देशातच शिवणाऱ्या थोड्या कंपन्या उरल्या आहेत. त्या ग्राहकाला जास्त किंमत सांगतात आणि त्याबदल्यात दुरुस्ती, दीर्घ हमी किंवा मापानुसार शिलाई देतात. पण त्या देशाने एक गोष्ट टिकवली. १९४१ पासून चालत आलेल्या ‘बेरी दुरुस्ती’नुसार संरक्षण खात्याला कपडे, तंबू आणि कापड अमेरिकी बनावटीचेच घ्यावे लागते. नियम धाग्यापासून शिलाईपर्यंत लागू होतो. त्यामुळे तांत्रिक कापडाच्या काही गिरण्या तिथे जगल्या आणि नागरी बाजारासाठी माल बनवणाऱ्या लहान कंपन्यांनाही त्यांचे कापड मिळते.

भारताकडेही असा मोठा ग्राहक आहे. सियाचिन आणि लडाखमध्ये तैनात जवानांना अतिशीत हवामानाचे कपडे, तंबू, स्लीपिंग बॅग लागतात. हे साहित्य दीर्घकाळ परदेशातून घेतले गेले. उंचावरील जवानांसाठीच्या बर्फातील चष्म्यांच्या आणि बहुउपयोगी बुटांच्या टंचाईवर ‘कॅग’च्या २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने बोट ठेवले होते. लष्कराची मागणी सलग काही वर्षांसाठी देशी कापडाला जोडली गेली, तर गिरणीला हवी असलेली खात्री तिथून मिळू शकते.

सरकारी योजना लहान उत्पादकापर्यंत पोहोचतात का?

योजना कमी नाहीत. तांत्रिक कापडासाठी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले. कृत्रिम धाग्याचे कपडे आणि तांत्रिक कापड यांसाठी २०२१ मध्ये १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आली. तिच्या दोन भागांत किमान गुंतवणुकीची अट ३०० आणि १०० कोटी रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती १५० आणि ५० कोटींवर आणण्यात आली. निम्मी झाली तरी पन्नास मशिनांवर जॅकेट शिवणाऱ्या उद्योजकासाठी ही रक्कम आवाक्याबाहेरचीच आहे.

महाराष्ट्रासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे पीएम मित्र वस्त्रोद्यान उभे राहत आहे. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कताईपासून शिलाईपर्यंतची साखळी एका जागी आणणे हा त्याचा हेतू आहे. दुसरी गोष्ट ठाण्याची. क्रीडा आणि साहस क्षेत्रातील कापडाला ‘स्पोर्टेक’ म्हणतात. त्यासाठीचे केंद्र सरकारचे उत्कृष्टता केंद्र ठाण्यातील वूल रिसर्च असोसिएशनमध्ये आहे. म्हणजे ज्ञान आणि चाचणीची सोय राज्यात आहे आणि ग्राहकही राज्यात आहे. मधली कडी, म्हणजे लहान मागणीसाठी कापडावर लेप देणारी आणि शिवणी बंद करणारी सामाईक सुविधा, अजून हवी आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे लेबल. आयात केलेल्या वेष्टनबंद वस्तूंवर मूळ देश लिहिणे बंधनकारक आहे. नाव भारतीय असले तरी वस्तू कुठे बनली हे तिथे कळते. दुसरी, कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये दिली आहे का आणि शिवणी पट्टीने बंद केल्या आहेत का, हे पाहावे. ही माहिती नसेल तर स्वस्त जॅकेट पहिल्याच मुसळधार पावसात महाग ठरते. दोर, हार्नेस, हेल्मेट यांत मात्र प्रमाणचिन्हाबाबत तडजोड नको, मग वस्तू कुठलीही असो.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. परदेशातून आलेल्या जॅकेटची साखळी तुटली किंवा तंबूचा दांडा मोडला, तर अनेकदा वस्तूच टाकून द्यावी लागते. देशात बनवणाऱ्याकडे सुटे भाग आणि कारागीर असतात. दोन पावसाळ्यांनी बाद होणाऱ्या वस्तूशी सहा पावसाळे टिकणाऱ्या वस्तूची तुलना केवळ किमतीच्या चिठ्ठीवरून करता येत नाही. अर्थात हा फायदा दुरुस्ती खरोखर करून देणाऱ्या कंपन्यांपुरताच खरा आहे.

पुढे काय?

देशी साहित्य स्वस्त व्हायचे असेल, तर तयार मालावरील भिंत उंच करण्यापेक्षा कच्च्या मालावरील भिंत कमी करणे अधिक उपयोगी ठरेल. जे तांत्रिक कापड देशात बनतच नाही, त्यावरील शुल्क कोणत्याही देशी गिरणीचे संरक्षण करत नाही. त्याचा बोजा फक्त शिवणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावर पडतो. अशा कापडाची नेमकी यादी करून शुल्क घटवणे आणि देशी गिरणी उभी राहील तसे ते हळूहळू पुन्हा लावणे हा एक मार्ग आहे. धाग्यांवरील गुणवत्ता आदेश मागे घेऊन केंद्राने या साखळीतील एक अडसर दूर केला. कापडावरील शुल्काबाबत तसा निर्णय होतो का, यावर पुढच्या काही पावसाळ्यांतील किमतीच्या चिठ्ठ्या अवलंबून राहतील.